रिंगा टाकून भागतं का?

इंजिन गेलेली गाडी घेऊन माणूस माझ्या गॅरेजात येतो तेव्हा निम्मा निर्णय तो घरूनच करून आलेला असतो. कुणाला साकोलीच्या मिस्त्रीने ‘फुल इंजिन करावं लागेल’ असं सांगितलेलं असतं. कुणाच्या मेहुण्याने रायपूरला सेकंडहँड इंजिन बघून ठेवलेलं असतं. कुणी म्हणतो, जुन्या गाडीत एवढा पैसा घालण्यापेक्षा नवी काढू, हप्ते भरू. या तिन्हींवर बोलता येतं, कारण तिन्हींमागे काहीतरी हिशेब असतो. पण बहुतेक लोक चौथीच गोष्ट मागतात : ‘भाऊ, सध्या रिंगा टाकून द्या, पुढचं पुढं पाहू.’ इंजिन बांधायचं की बदलायचं यावर लिहायला बसलो ते या चौथ्या मागणीमुळे. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त पैसा तिच्यातच बुडाला आहे, आणि तोही ज्यांच्याजवळ मुळात कमी होता त्यांचा.

सडक अर्जुनी मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. जुनी माणसं अजून त्याला सहा नंबरच म्हणतात, कागदावर तो आता ५३ झाला. जवळच कोहमाऱ्याच्या चौकात गोरेगावमार्गे गोंदियाहून येणारा रस्ता हा महामार्ग ओलांडून नवेगावबांधकडे जातो. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव. २०१३ साली ही दोन्ही जंगलं मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. महामार्गावरच्या ट्रकांचे मिस्त्री वेगळे. माझ्याकडे येतात त्या काळी-पिवळी जीपा, बोलेरो, गुरुजींच्या आणि ग्रामसेवकांच्या डिझायर, राइस मिलचे छोटे टेम्पो आणि सफारीच्या जिप्सी. ही सगळी वाहनं दिवसातून कितीदा तरी डांबरावरून मुरमावर उतरतात आणि पुन्हा डांबरावर चढतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, धान भरडायच्या दिवसांत मिलच्या आवारात भुशीची धूळ हवेत तरंगत असते. आमच्या भागातलं इंजिन किलोमीटरने फारसं झिजत नाही. धुळीने झिजतं, आणि पाण्याने.

पाण्याचं आधी सांगून टाकतो. रेडिएटरमध्ये कूलंट घालायचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण रस्त्यात पाणी कमी पडलं की जवळच्या हातपंपाचं पाणी ओतलं जातं, आणि मग तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. ब्लॉक खोलला की पाण्याच्या वाटा गंजाने आणि क्षाराने निम्म्या भरलेल्या दिसतात. स्क्रूड्रायव्हर घातला तर पापुद्रे निघतात. मग मागचा सिलिंडर पुढच्यापेक्षा जास्त तापतो, हेड वाकतं, गॅस्केट फुटतं. अशा इंजिनात नुसतं नवं गॅस्केट टाकलं तर ते पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहतं, एवढंच.

इंजिन खोलायच्या आधी बरंच काही कळू शकतं, आणि ते कळून घेतल्याशिवाय पाना लावू नये असं माझं ठाम मत आहे. गोंदियाच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन मी ज्या उस्तादाकडे काम शिकलो, ते गाडी आली की आधी तिला गरम होईपर्यंत चालू ठेवायचे आणि मालकाला चहा पाजायचे. गरम झालेल्या इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढून त्यावर तळहात धरायचा. हलकीशी हवा लागली तर चिंता नाही. भकाभक धूर येऊन तळहात ओला होत असेल, तर जळलेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आहे. आम्ही त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. डिपस्टिकच्या नळीतून ऑइल बाहेर फेकलं जात असेल तर मग शंकाच उरत नाही.

पण निळ्या धुरावर मात्र एकदम विश्वास ठेवू नये. ऑइल जळतं आहे एवढंच तो सांगतो, ते कुठून येतं आहे हे सांगत नाही. सकाळच्या पहिल्या स्टार्टला भपकन धूर निघून मग बंद होत असेल, तर बऱ्याचदा व्हॉल्व्हची सीलं कडक झालेली असतात. टर्बोच्या गाडीत टर्बोचं सील गेलं तरी हुबेहूब तसाच धूर येतो. टर्बोनंतरचा रबरी पाइप काढून आत बोट फिरवलं की ऑइलचं थारोळं हाती लागतं. ब्रीदर चोंदला असला तरी ऑइल वर येतं. काळा धूर नोझल किंवा एअर फिल्टरचा. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन गेज लावून आकडा घ्यावा, मग त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्यावा. आकडा चढला तर गळती रिंगांकडून, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडून. या सगळ्याला तासभर लागतो. तेवढ्या तासाने माझ्याकडे आलेली काही इंजिनं खोलायचीच वाचली, आणि गिऱ्हाईक टर्बो किंवा सीलं बदलून घरी गेलं.

खोलायची वेळ आलीच तर मी एक अट घालतो : मालकाने समोर बसायचं.

दिवाळीच्या तोंडावर नवेगावबांधकडच्या एका गावातली काळी-पिवळी आली, ती आठवते. महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन, जुन्या वळणाचं, पंप आणि नोझलवर चालणारं. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, रात्री नाटकं होतात, वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरत असतात. काळी-पिवळीवाल्याचं वर्षाचं पोट त्या दोन-तीन महिन्यांवर असतं. मालक माझ्याहून वयाने मोठा. चढावर गाडी दम टाकत होती, ऑइल पीत होती आणि गरम झाल्यावर ऑइलचा दिवा मिणमिणत होता. तो म्हणाला, ‘मंडईपयले गाडी रस्त्यावर पायजे. रिंगा टाकून द्या, बाकी मंडई झाल्यावर पाहू.’ मी म्हटलं, ‘काका, खोलतो तुमच्यासमोर. मोजतो तुमच्यासमोर. मग तुम्ही म्हणाल तसं करू.’

हेड उतरवलं, सम्प काढला. सिलिंडरच्या वरच्या काठाशी एक कंगोरा असतो. वरची रिंग जिथपर्यंत चढते तिथपर्यंत भिंत झिजते, त्याच्या वर झिजत नाही, म्हणून तिथे पायरी पडते. मी त्यांचं बोट धरून नख त्या पायरीवर अडवलं. नख अडकलं. मग बोअर गेज घातलं. वर, मध्ये, खाली. प्रत्येक ठिकाणी एकदा क्रँकच्या ओळीत आणि एकदा त्याच्या काटकोनात. चार सिलिंडरचे चोवीस आकडे. गॅरेजच्या आतल्या दरवाज्यावर मी ते खडूने लिहीत गेलो. काटा त्यांच्याकडे वळवून ठेवला होता. तिसऱ्या सिलिंडरला गेज खालून वर ओढताना काटा सरकत गेला, तेव्हा ते काही बोलले नाहीत, पुढे झुकून पाहत राहिले. भोक वरून मोठं, खालून लहान, आणि वरच्या बाजूला गोलही राहिलेलं नव्हतं. एका केसाच्या जाडीएवढा, म्हणजे ०.१० मिलिमीटरचा फरक झाला की बऱ्याच इंजिनांत सहन करण्याची हद्द संपते. इथे ती केव्हाच मागे पडली होती.

क्रँकवर मायक्रोमीटर लावला. दोन जर्नलवर चरे होते, बेअरिंगच्या शेलवरचा राखाडी थर जाऊन तांबं उघडं पडलं होतं. शेलच्या पाठीवर ०१० कोरलेलं, म्हणजे क्रँक पूर्वी एकदा घासून झालेली होती. आता वीस नंबरवर जाणार. पुढे आणखी तीस आणि चाळीसला जागा होती. ब्लॉकला तडा नव्हता. हेडवर पट्टी ठेवून खालून फीलर घातलं तर ते थोडं वाकलेलं निघालं, पण फेसिंग करून सरळ होण्यासारखं.

आणि कारण सापडलं. एअर फिल्टरकडून इंजिनात जाणाऱ्या रबरी पाइपला खालच्या बाजूने भेग होती, कुणीतरी तिच्यावर कापड गुंडाळून वर तार आवळली होती. फिल्टर वेळच्या वेळी साफ होत होता, त्यातलं ऑइल बदललं जात होतं. पण हवा त्या भेगेतून आत जात होती, मुरमासकट. काका त्या पाइपाकडे इंजिनापेक्षा जास्त वेळ बघत बसले.

रिंगा टाकून का भागत नाही, हे मी त्यांना त्या उघड्या ब्लॉकवर दाखवलं, ते इथे लिहितो. नवी रिंग गोल असते आणि तिची वरची कड धारदार असते. झिजलेल्या सिलिंडरमध्ये ती प्रत्येक फेरीला वर जाताना उघडते, खाली येताना मिटते. अंडाकार भिंतीला ती सगळीकडून कधीच टेकत नाही. जुनी रिंग त्या पायरीबरोबरच झिजून गोलसर झालेली असते, म्हणून ती पायरीला अडत नाही. नवीची धार मात्र तिथे आपटते, आणि काही दिवसांत रिंग तुटते किंवा पिस्टनची खाच फोडते. पायरी रीमरने काढली तरी भिंतीचा निमुळतेपणा तसाच राहतो. भिंत आरशासारखी गुळगुळीत झालेली असते, तिच्यावर ऑइल धरून ठेवणारे होनिंगचे बारीक चरे उरलेले नसतात, म्हणून रिंग बसतच नाही. त्यातून पहिले काही आठवडे कॉम्प्रेशन थोडं वाढलंच, तर त्याचा भार जुन्या बेअरिंगवर येतो आणि खालून ठोका सुरू होतो. मग पुन्हा गाडी उतरवायची, पुन्हा गॅस्केट किट, पुन्हा ऑइल, पुन्हा मजुरी. एकाच इंजिनाचे दोनदा पैसे, आणि दुसऱ्यांदा जास्त, कारण मधल्या काळात क्रँक आणखी बिघडलेली असते.

रिंगा टाकून खरोखर भागतं अशीही वेळ असते. सिलिंडर मापात आहे, होनिंगचे चरे अजून दिसत आहेत, फक्त ऑइल वेळेवर न बदलल्यामुळे रिंगा कार्बनमध्ये चिकटून बसल्या आहेत, तेव्हा साफ करून, भिंत हलकी होन करून नव्या रिंगा घातल्या की इंजिन पुन्हा नीट चालतं. एका गुरुजींची पेट्रोल गाडी अशीच निघाली, घर ते शाळा आणि शाळा ते घर, इंजिन कधी पुरतं तापतच नव्हतं. तिथे मी स्वतःहून म्हटलं, बोअरिंगची गरज नाही. फरक गेजच्या काट्यावर ठरतो. गेज न लावता ‘हाफ इंजिन करून देतो’ म्हणणारा मिस्त्री आणि गेज न लावता ‘फुलच करावं लागेल’ म्हणणारा मिस्त्री, दोघंही गिऱ्हाइकाच्या पैशावर अंदाज बांधत असतात.

काकांनी इंजिन बांधायचं ठरवलं. या इंजिनाला लायनर असतात, म्हणजे भिंत झिजली तरी ब्लॉक वाया जात नाही. लायनर नवे, पिस्टन-रिंगा नव्या. क्रँक, ब्लॉक आणि हेड गोंदियाच्या लेथवर गेलं. दिवाळीत लेथवाल्याकडे गर्दी, त्यामुळे सुरुवातीच्या मंडया बुडाल्या. ते नुकसान त्यांनी सोसलं, आणि मी त्यांना ते टाळता येईल असं कधी सांगितलं नव्हतं.

लेथवाल्याकडे काम देताना पिस्टन आधी हातात द्यावेत आणि मग माप घ्यायला सांगावं. प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनप्रमाणे करावा लागतो. डब्यावरचा आकडा वाचून चारही भोकं सारखी मारून देणारे लोक असतात. ब्लॉक परत आला की मी पुन्हा गेज लावतो. आणि मग धुतो. होनिंगनंतर भिंतीच्या बारीक चऱ्यांत दगडाची कणी अडकून बसलेली असते. डिझेलने धुतलं तर ती वरवर निघते, पण चऱ्यांत राहते, आणि नव्या रिंगा ती कणी पहिल्याच दिवशी खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. धुवायचं, पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून आत फिरवायचं, फडकं करडं निघालं की पुन्हा धुवायचं. असं करत करत फडकं पांढरंच बाहेर आलं की थांबायचं. माझ्याकडची नवी पोरं या कामाला कंटाळतात, पण त्यांना पाना द्यायच्या आधी मी फडकं देतो. चांगलं बांधलेलं इंजिन लवकर का गेलं, याचं उत्तर कितीतरी वेळा या धुण्यात असतं. हेडचे बोल्ट मात्र कुणालाही अंदाजाने आवळू देत नाही. टॉर्क रेंच हातात घेऊन ओळीनेच आवळायचे, मधून बाहेर.

काकांना गाडी देताना सांगितलं की रात्रभर उभ्या उभ्या चालू ठेवू नका. आमच्याकडे जुनी समजूत आहे, नवं बांधलेलं इंजिन एका जागी चालू ठेवलं की ‘सेट’ होतं. उलट, भार नसलेल्या इंजिनात रिंगा भिंतीवर दाबल्या जात नाहीत आणि भिंतीला चकाकी येते. मध्यम भार, वेग कमी-जास्त करत, पहिले हजार किलोमीटर गच्च माणसं भरायची नाहीत. मंडईच्या दिवसांत काळी-पिवळीवाल्याला हे सांगणं किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे. त्यांनी पाळलं. ऑइल बदलायला आले तेव्हा म्हणाले, ‘शिवरात्रीले प्रतापगडले जाऊन आलो, चढावर गेर नाही बदलला.’

आता बदलण्याची गोष्ट. काही वेळा निर्णय करायला काही उरतच नाही. एक डिझेल डिझायर आली होती, १२४८ सीसीचं इंजिन. जंगलाच्या रस्त्यावर दगड लागून सम्प फुटला, लाल दिवा लागला, आणि चालवणाऱ्याला वाटलं पुढच्या गावापर्यंत जाऊ. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. त्या भोकातून क्रँक दिसत होती. अशा ब्लॉकला वेल्डिंग करून चालवू पाहणारे आहेत; मी करत नाही. मारुतीने २०२० च्या एप्रिलमध्ये डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, पण एवढ्या गाड्या रस्त्यावर आहेत की सुटे भाग मिळतात. कंपनीचं नवं इंजिन घ्यायचं तर किंमत गाडीच्या किमतीच्या जवळ जात होती. उरलं ते अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन.

नागपूर काय, रायपूर काय, कबाड्याकडे इंजिनांची रास पडलेली असते. तिथे विकणारा फक्त एक गोष्ट सांगतो, ‘चालू गाडीचं आहे.’ ते चालू गाडीचं असेलही, पण ती गाडी कशी चालवली गेली हे तो सांगू शकत नाही. म्हणून मी धुऊन रंगवलेल्या इंजिनाकडे बघतही नाही. ऑइल-चिखल लागलेलं, जसं उतरवलं तसं पडलेलं इंजिन बरं, त्याच्यावर गळतीच्या खुणा वाचता येतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलं होतं. क्रँक हाताने फिरवून पाहावी, कुठे अडखळते का. नोझल काढून बारीक कॅमेरा आत सोडला की भिंत दिसते. हा कॅमेरा आता मोबाइलला लागतो आणि महागही नाही. समोरून ठोकलेल्या गाडीपेक्षा मागून ठोकलेल्या गाडीचं इंजिन घ्यावं. समोरून ठोकल्यावर रेडिएटर फुटून इंजिन किती वेळ कोरडं चाललं, कोण सांगणार? घरी आणल्यावरही सम्प उघडून बेअरिंगचा एक शेल काढून पाहतो, चेन आणि ऑइल पंप तपासतो. बाहेर असताना या गोष्टींना अर्धा दिवस पुरतो, गाडीत बसवल्यावर तीच कामं तीन दिवस खातात. या नव्या डिझेलांत नोझलांचे कोड स्कॅनरने ईसीयूत भरावे लागतात, हेही आधी माहीत हवं.

आणि कागद. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि आरसीवर तोच लिहिलेला असतो. आपलं इंजिन आपल्याच ब्लॉकवर बांधलं तर नंबर तोच राहतो, कुणाला विचारायला जावं लागत नाही. बांधण्याच्या बाजूने ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा हिशेब कुणी धरत नाही. ब्लॉक बदलला की गोंदियाच्या आरटीओत जाऊन नोंद करून घ्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते आहे. विकणाऱ्याचं बिल हवं, ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचे कागद हवेत. कागद नसलेलं इंजिन निम्म्या किमतीत मिळतं, आणि मी ते बसवत नाही. चोरीच्या गाडीचं निघालं तर माझं गिऱ्हाईक पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणार. अपघात झाला आणि विम्याच्या माणसाने नंबर ताडून पाहिला तर दावा अडकणार. त्या डिझायरच्या मालकाला मी स्वस्त इंजिनावरून परत आणलं, तेव्हा तो थोडा नाराज होता. नंबर आरसीवर चढल्यावर त्यानेच त्याची झेरॉक्स मला आणून दिली.

पैशाचा हिशेब लोक गाडीच्या विक्रीच्या किमतीशी लावतात : गाडी दीड लाखाची, त्यात पाऊण लाखाचं इंजिन कशाला? पोटाची गाडी असेल तर हा हिशेब उपयोगाचा नाही. तिथे विचारायचं की बांधलेल्या इंजिनावर ती अजून किती वर्षं धंदा करेल आणि तेवढ्या वर्षांत नव्या गाडीचे हप्ते किती होतील. घरच्या गाडीचं वेगळं. तिच्यासाठी मी आधी इंजिनाकडे बघतच नाही, पिटवर चढवून खालून बघतो. फ्लोअर सडलेला आहे का, सस्पेन्शनच्या माऊंटिंगला गंज आहे का, चॅसिसला वेल्डिंग आहे का. आमच्याकडे पावसाळ्यात शेतातल्या चिखलाचे थर खाली बसून राहतात, पत्रा आतून जातो. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ असेल तर पुनर्नोंदणी. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचं ते शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झालं, शिवाय पर्यावरण कर. पत्रा सडलेल्या, चौदा वर्षांच्या गाडीत उत्तम इंजिन बसवणं मी करू देत नाही, मला काम मिळत असलं तरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणून बांधणं स्वस्त झालं असं लोक म्हणतात. पण त्याच दिवशी लहान नव्या गाड्यांवरचा करही २८ चा १८ झाला, त्यामुळे घरच्या गाडीच्या बाबतीत नवीकडे वळणारे पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. त्यात मला गैर वाटत नाही.

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांनी आमच्या कामाची रीत बदलायला सुरुवात केली आहे. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजिन थोडंसं ऑइल प्यायला लागलं की त्याची राख त्या फिल्टरमध्ये साठते, आणि तो फिल्टर म्हणजे स्वतःच एक मोठा खर्च. ‘ऑइल टाकत चालवू’ हा जुना मार्ग या गाड्यांत राहिलेला नाही. काही नव्या इंजिनांना कंपनी ओव्हरसाइज पिस्टन देतच नाही. सिलिंडर झिजला तर अर्धं इंजिन, म्हणजे ब्लॉक-पिस्टन-क्रँक तयार जोडलेलं, बदला असं म्हणते. तालुक्याच्या मिस्त्रीने पुस्तक उघडून आधी हे पाहावं, मगच गिऱ्हाइकाला शब्द द्यावा.

बांधण्यावाचून ज्यांना दुसरा रस्ताच नाही, अशा गाड्या म्हणजे जंगलातल्या जिप्सी. मारुतीने १९८५ साली आणलेली ही गाडी २०१९ च्या सुमारास बाजारातून गेली. पिटेझरी, चोरखमाऱ्याच्या गेटवर पर्यटकांना घेऊन आत जाणारे कितीतरी चालक अजून तिच्यावरच जगतात. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, ७४ मिलिमीटरचा बोअर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि आत बिडाच्या भिंती. पावसाळ्यात सफारी बंद झाली की त्यांची कामं निघतात. रोवणी चालू असते, बाहेर पाऊस असतो आणि गॅरेजात दोन-दोन जिप्सी बॉनेट काढून उभ्या असतात. या गाड्या दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पुढच्या गाडीच्या धुळीत चालतात. वाघ दिसला की इंजिन बंद, हलला की चालू. किलोमीटर कमी आणि झीज भरपूर. याच्या पिस्टनला पाव आणि अर्धा मिलिमीटर एवढेच दोन साइज मिळतात, त्यामुळे दर वेळी बोअर करताना मी चालकांना उरलेली जागा सांगतो. जे पावला भागत असेल ते अर्ध्यावर नेऊ देत नाही, लेथवाला ‘साफ निघेल’ म्हणाला तरी.

परवाच्या पावसाळ्यात एका चालकाची जिप्सी खोलली. भिंती शेवटच्या साइजवर पोचलेल्या, आता पुढच्या वेळी स्लीव्ह मारावे लागतील. क्रँकही आणखी घासण्यात अर्थ नाही. या खेपेला इंजिन बांधून दिलं, कारण माप अजून हद्दीत बसत होतं आणि ऑक्टोबरला गेट उघडणार होतं. पण त्याला बसवून सांगितलं की ही क्रँक पुढच्या वेळी चालणार नाही, स्टँडर्ड मापाची एखादी आतापासून शोधायला लाग. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सींचे भाग नागपूरकडे येतात, तिकडे सांगून ठेव, आणि मिळाली तर मोजल्याशिवाय पैसे देऊ नकोस. त्याने मायक्रोमीटर कसा धरायचा ते विचारलं. त्याच दुपारी त्याला जुन्या क्रँकची मापं तो चुकेनासा होईपर्यंत घ्यायला लावली.